पाय परत येताना

त्या रविवारच्या दौडीत आमच्या घरच्यांत मी सगळ्यांत शेवटी आले. मामांच्याही मागून.

मामा म्हणजे माझे सासरे. सत्तरी ओलांडलेली. ते शर्यतीत पळत नाहीत, चालतात. पांढरा पायजमा, वर आयोजकांनी दिलेला भडक टी-शर्ट आणि पाठीमागे बांधलेले हात. देवदर्शनाला निघाल्यासारखे ते चालत असतात. आम्ही तिघं पळून, उप्पीट खाऊन, फोटो काढून मोकळे होतो, तेव्हा कुठं ते शर्यत संपते त्या कमानीतून आत येतात. त्या दिवशी मात्र शेवटच्या वळणावर मला त्यांची पाठ दिसली. मी जोर लावला. पाठ जवळ येईना.

"काय झालं अम्मा?" कमानीपाशी त्यांनी विचारलं. आमच्यात मोठी माणसं लेकीसुनांना अम्मा म्हणतात.

"पाय भरून आलेत जरा."

"उन्हाचं असेल," ते म्हणाले आणि मला त्यांच्या वाटणीचं केळं दिलं.

उन्हाचं नव्हतं.

आमची टोळी

मी पद्मा. शाळेचे गणवेश शिवते, घरीच, मोटारच्या मशीनवर. नवरा श्रीनिवास टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवण्याचं काम बघतो. मुलगी लावण्या तेव्हा बारावीला होती. आधी आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. तिथं पहाटेपासून मागांचा खडखडाट असायचा आणि मामांचं सगळं आयुष्य त्या मागांवर गेलं. सासूबाई गेल्यावर आम्ही जुळे सोलापूर या नव्या भागात फ्लॅट घेतला. घरात आम्ही तेलुगू बोलतो. इथं सगळं मराठीत सांगतेय, एखादा शब्द तसाच राहिला तर चालवून घ्या.

पळणं सुरू झालं ते कॉलनीच्या गणेश मंडळामुळं. त्यांनी दौड ठेवली होती आणि लावण्यानं न विचारता तिघांची नावं दिली. मामा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मग श्रीनिवासला म्हणाले, "घरच्या सुनेनं रस्त्यावर पळायचं? चोर मागं लागल्यासारखं?"

तरी ते आले. आमच्या चपला आणि पिशवी सांभाळायला. पुढच्या दौडीला म्हणाले, एका जागी उभं राहून पाय दुखतात, त्यापेक्षा चालतो. त्याच्या पुढच्या वेळी मंडळाच्या पोरांशी भांडून स्वतःचा टी-शर्ट मिळवला.

मग कुठं दौड आहे असं कळलं की आम्ही चौघं जायचो. कधी एखाद्या शाळेची, कधी डॉक्टर लोकांची, कधी तलावाभोवती, कधी होटगी रोडला. बक्षीस आम्हाला कधीच मिळालं नाही. पण आठवडाभर चौघं चार दिशांना असायचो आणि रविवारी सकाळी एका स्कूटरवर दोघं, दुसरीवर दोघं असे अंधुक उजेडात निघायचो, ते मला फार आवडायचं. श्रीनिवास तसा अबोल माणूस. शर्यतीच्या आधी मात्र तो सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या तपासायचा. मामांच्यासुद्धा.

त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात माझं पोट बिघडलं होतं. चांगलंच. कुठल्या पाण्यानं, कुठल्या खाण्यानं, ते आजपर्यंत कळलं नाही. बरं वाटलं, पण अंगात ताकद नव्हती. "मी नाही येत," असं म्हणाले होते. श्रीनिवास म्हणाला, "चल की, नावं दिलीत. हळू पळ."

हे वाक्य त्याला पुढं फार छळणार होतं.

चप्पल

सोमवारी दोन्ही तळव्यांना मुंग्या आल्या. मशीनच्या पॅडलवर पाय ठेवला तर तो पॅडलवर आहे की जमिनीवर, ते मान वाकवून बघावं लागे. कॉलर शिवताना पाय नको तेवढा दाबला गेला आणि शिलाई कापडावरून थेट बाहेर पळाली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मंगळवारी जिन्यावरून खाली आले तर लावण्या वरून ओरडली, "आई, चप्पल!" एका पायात चप्पल नव्हती. दोन पायऱ्या वर पडली होती. ती कधी निसटली, मला कळलंच नव्हतं.

नेहमीच्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. शेजारच्या काकूंनी भिजवलेले बदाम आणून दिले. बुधवारी सकाळी मी न्हाणीघरात खाली बसले आणि मला उठता येईना. भिंतीला धरलं, बादलीला धरलं. पाय माझेच होते, समोर होते, पण त्यांना मी सांगितलेलं पोचत नव्हतं. मी लावण्याला हाक मारली. तिनं काखेत हात घालून मला ओढून उठवलं. एवढीशी पोर, कुठून ताकद आली तिच्यात कोण जाणे. दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. ती म्हणाली, "आता दवाखान्यात. आत्ता."

दवाखान्यात डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं माझ्या गुडघ्याखाली ठोकलं. एकदा, दोनदा, जागा बदलून. पाय लोंबकळत राहिला. डॉक्टर गप्प झाले, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. डॉक्टर बोलत असले की बरं असतं.

पाठीतलं पाणी काढलं, नसांना विजेचे झटके देऊन तपासलं, आणि दुपारी नाव सांगितलं. गुलेन बॅरी सिंड्रोम. जीबीएस. बाहेरच्या जंतूंशी लढायला निघालेली आपल्याच शरीराची ताकद चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते, असं त्यांनी समजावलं. लावण्यानं मोबाईलवर ते नाव शोधलं, थोडं वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

"पळण्यानं झालं का?" श्रीनिवासनं विचारलं.

"नाही. बहुतेक आधीच्या पोटाच्या त्रासातून."

"पण ती त्या दिवशी पळाली."

"न पळता घरी बसल्या असत्या तरी हे झालंच असतं," डॉक्टर म्हणाले.

श्रीनिवासनं मान हलवली. त्याला ते ऐकू गेलं नव्हतं. पुढं त्यानं हाच प्रश्न त्यांना कितीदा विचारला असेल! उत्तर दर वेळी तेच मिळालं आणि दर वेळी तो तसाच मान हलवून बाहेर यायचा.

एका श्वासात

हा आजार पायाकडून वर चढतो. मला अतिदक्षता विभागात ठेवलं ते श्वासापर्यंत पोचतो का ते बघायला. इंजेक्शनं सुरू झाली होती. एक तरुण डॉक्टर दर थोड्या वेळानं येऊन म्हणायचा, "ताई, मोठा श्वास घ्या आणि एका श्वासात आकडे म्हणा."

मी म्हणायचे, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू..."

"ताई, मराठीत म्हणा ना. कुठपर्यंत आलात ते मला कळत नाही."

मला हसू आलं. सगळं शिक्षण मराठीत झालं, पण आकडे अजून आईच्या भाषेतच येतात. शेवटी तोच बिचारा तेलुगू आकडे शिकला. सकाळी मी बरीच लांब जायचे. दुपारी त्याहून कमी. संध्याकाळी मधेच हवा संपायची. त्याच्या चेहऱ्यावर मला माझा आकडा दिसायचा.

मग श्वासासाठी घशात नळी घातली. त्याबद्दल फार सांगत नाही. एवढंच सांगते की तेव्हा मला बोलता येत नव्हतं, हात उचलत नव्हते, चेहरा ओघळला होता आणि डोळे नीट मिटत नव्हते. सिस्टर थेंब घालून पापण्यांवर पट्टी लावायच्या. पण आत मी पूर्ण जागी होते. सगळं ऐकू येत होतं. कुणाचं बाळंतपण, कुणाची सुट्टी, कुणी डब्यात काय आणलं. माझ्यासारखं कुणी तुमच्या घरात असेल तर एक सांगते. त्यांच्या उशाशी उभं राहून त्यांच्याबद्दल बोलू नका, त्यांच्याशी बोला. आम्ही तिथंच असतो.

भेटायला एका वेळी एकालाच सोडायचे. लावण्या आली की केस विंचरायची, कॉलेजातलं काहीबाही सांगायची. तिचा आवाज कापायचा, पण हात कापायचा नाही. श्रीनिवास आला की मशीनच्या आकड्यांकडं बघत उभा राहायचा. माझ्याकडं त्याला बघवत नव्हतं. मला त्याचा राग यायचा आणि दयाही यायची. दोन्ही सांगता येत नव्हतं.

आणि तिसरे यायचे मामा.

मामांचा रस्ता

आमच्या घरात सासरा आणि सून यांच्यात एक अंतर असतं. भांडण नाही, पण अंतर. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मामा माझ्यासमोर कधी पाय पसरून बसले नव्हते. आणि आता त्यांना माझ्या कॉटशेजारी बसायचं होतं, मी अशा अवस्थेत पडलेली, आणि बोलायचं दोघांसाठी त्यांनी एकट्यानं.

पहिल्या दिवशी ते आले आणि नुसतेच बसून गेले. दुसऱ्या दिवशी घसा खाकरला. भिंतीकडं बघत म्हणाले, "हां. तर आपण गेटमधून निघालो."

मला कळेना.

"गेटमधून निघालो. तुम्ही तिघं पुढं पळालात, नेहमीसारखं. मी मागं. डाव्या हाताला इस्त्रीवाला. त्यानं अजून दुकान उघडलं नाही, पण बाहेर खाट टाकून बसलाय. मला नमस्कार करतो. पुढं कडुलिंबाचं झाड. तुम्ही त्या झाडाखालनं इतक्या वेळा पळालात, वर बघितलं का कधी? वर घारीचं घरटं आहे."

आमच्या कॉलनीच्या दौडीचा रस्ता ते सांगत होते. चालणाऱ्याच्या नजरेनं. कुठल्या घरातल्या आजी अंगणात बसून सगळ्यांना टाळ्या वाजवतात, कुठल्या कोपऱ्यावर तांबडं कुत्रं मागं लागतं, चढावर दम न लागता चालायचं तर कडेनं कसं जायचं. भेटीची वेळ संपली तेव्हा ते चढाच्या मध्यावर होते. "उरलेलं उद्या," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी चढाच्या मध्यापासून पुढं.

एक रस्ता संपला की दुसरा. तलावाची दौड, होटगी रोडची दौड. मला वाटतं काही गोष्टी ते बनवूनही सांगायचे. होटगी रोडवर एक मोर आडवा आला असं त्यांनी सांगितलं, ते मला अजून खरं वाटत नाही. पण मी दिवसभर त्या वेळेची वाट बघायचे. मी हलत नव्हते, तरी रोज कुठंतरी जाऊन येत होते. जाताना ते म्हणायचे, "नेम्मदिगा, अम्मा." म्हणजे हळूहळू. घाई नाही.

नळी निघाली त्या दिवशी माझा पहिला शब्द काय असावा, यावर घरात अजून वाद आहे. लावण्याला वाटतं मी "पाणी" म्हणाले. मामांना पक्कं माहीत आहे, मी "मोर?" असं विचारलं.

मंद्रूपच्या कलावतीबाई

वॉर्डात आणल्यावर शेजारच्या कॉटवर मंद्रूपची एक बाई होती, कमरेचं ऑपरेशन झालेली. तिच्या सासूबाई, कलावतीबाई, तिच्यापाशी असायच्या. घरी शेरडं-मेंढरं, थोडी जमीन. हातात सतत काहीतरी काम, तोंडात सतत बोलणं. लावण्याला यायला उशीर झाला की त्या मला काही विचारायच्याच नाहीत. कडक भाकरी चुरून, दुधात भिजवून, चमच्यानं मला भरवायच्या. माझ्या तोंडाच्या एका कडेनं अन्न सांडायचं. मला लाज वाटायची.

"लाजतीस कशाला? आमी काय कधी सांडलं न्हाय व्हय? खा."

"मावशी, माझे पाय येतील का हो परत?"

"येतेत की! पाय काय कुटं पळून जातेत व्हय? आमच्या एका शेरडीचं मागलं पाय असंच गेलतं. समदी म्हणली, काढून टाका. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या. रोज उचलून उन्हात ठिवायची. एक दिस बघती तर बया दावं तोडून चाललीया लोकाच्या रानात!"

डॉक्टर, नर्स, नातेवाईक सगळ्यांनी मला धीर दिला. पण सगळ्यांत जास्त विश्वास माझा त्या शेरडीवर बसला.

फिजिओथेरपीला सायमा यायची. पंचविशीतली मुलगी, हसरी, पण व्यायामाच्या बाबतीत दगड. कॉटच्या कडेला पाय सोडून बसायचं एवढंच पहिलं काम, आणि तेवढ्यानं मला घेरी यायची. पाय ठणकायचे. नसा जाग्या होताना इतकं दुखतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं सांगून ठेवते. ते दुखणं वाईट नाही. मी रडायचे. सायमा थांबायची, माझे डोळे पुसायची आणि म्हणायची, "हौ ताई, दुखतंय, माहितीय मला. आता अजून एकदा."

एके दिवशी तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि सांगितलं, "गुडघा खाली दाबा, गादीत." मी जोर लावला. काही दिसलं नाही. ती मात्र ओरडली, "आलं!" मला म्हणाली, "तुम्हाला नाही दिसणार. माझ्या हाताला कळलं. आत काहीतरी सरकलं." कलावतीबाई त्यांच्या जागेवरून उठून आल्या, त्यांनीही हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "व्हय गं, वळवळतंय!"

त्या दिवशी वॉर्डात सगळ्यांना चहा आमच्याकडून.

भीती कुणाची

घरी आणलं ते खुर्चीत बसवून. कॉलनीतल्या चार जणांनी खुर्ची जिन्यावरून वर नेली. लोक आपले असतात हे मला माहीत होतं, पण त्या जिन्यावर ते अंगावर काटा येऊन कळलं.

घर मात्र अवघड झालं होतं. दवाखान्यात सगळे एका बाजूनं लढत होते, घरी आल्यावर थकवा बाहेर पडला. लावण्याला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता आणि ती म्हणायला लागली, मी जाणार नाही, सोलापुरातच शिकते. मी तिला म्हटलं, "तू माझ्यासाठी इथं थांबलीस तर मला रोज तुझ्याकडं बघून आजारी वाटेल." ती चिडली, रडली, आणि गेली. ती गेल्यावर मी रडले.

श्रीनिवास सगळं करायचा. आंघोळीला मदत, औषधं, स्वयंपाकसुद्धा शिकला. पण पळण्याचं नाव काढायचा नाही. दौडीच्या ग्रुपमधून तो बाहेर पडला होता. चौघांचे बूट पोत्यात घालून माळ्यावर टाकले होते. रविवारी सकाळी रस्त्यावरून कुणी पळत गेलं की उठून खिडकी लावायचा.

सायमानं सांगितलं होतं, आता वॉकर घेऊन घराबाहेर चालायला हरकत नाही. श्रीनिवास म्हणाला, घरातच चाल, हॉल आहे की. तो कामाला गेला की मामा मला खाली न्यायचे. एक हात कठड्याला, एक त्यांच्या खांद्याला. खाली वॉकर. इस्त्रीवाल्यापर्यंत जायचं, त्याच्या खाटेवर बसायचं, परत यायचं. मग लिंबापर्यंत. मी वर बघितलं. घारीचं घरटं खरंच होतं.

एका दुपारी श्रीनिवास लवकर आला. आम्ही दोघं रस्त्याच्या मधे, माझे पाय लटपटताहेत, मामा शेजारी हात पाठीमागे बांधून उभे. त्यानं स्कूटर तशीच सोडली. ती आडवी पडली.

"नाना, काय चाललंय हे? तिला परत दवाखान्यात घालायचंय का?" इतक्या मोठ्यानं तो वडिलांशी कधी बोलला नव्हता. इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून बघत राहिला.

मामा शांत होते. "तिला विचार की."

"तिला काय विचारायचं? तिला काही झालं तर?"

"श्रीनू," मामा म्हणाले, "भीती तुझी आहे. पाय तिचे आहेत."

श्रीनिवास रस्त्यातच उकिडवा बसला. तोंड हातात धरून म्हणाला, "त्या दिवशी ती नको म्हणत होती. मी नेलं. मीच म्हणालो, चल."

इतके महिने तो हे पोटात घेऊन मला आंघोळ घालत होता, भरवत होता. मी वॉकर सोडू शकत नव्हते, त्याच्याजवळ बसू शकत नव्हते. मी फक्त म्हटलं, "श्रीनिवास, पाय दुखायला लागलेत माझे. मला घरी ने."

तो उठला. स्कूटर मामांनी उचलली.

तो रोज झोपेत दचकून मला हाक मारायचा, ते त्या रात्रीपासून थांबलं. पुढच्या रविवारी त्यानं खिडकी लावली नाही. आणि एक दिवस मी झोपेतून उठले तर माळ्यावरचे बूट गॅलरीत उन्हात ओळीनं ठेवलेले होते, धुतलेले.

स्पीडब्रेकर

सव्वा वर्षानं आम्ही परत एका दौडीला गेलो. कॉलनीचीच. लावण्या आदल्या दिवशी पुण्याहून आली. या वेळी आम्ही चौघांनी चालणाऱ्यांत नाव दिलं, आणि मामा एकदम या गटातले जाणकार झाले. "पहिल्यांदा जोर लावायचा नाही. लोक पुढं जातात, जाऊ द्यायचं. मधे थांबून बोललं तरी चालतं."

माझ्या उजव्या पायाचा चवडा अजून नीट उचलत नाही. त्याला प्लास्टिकचा आधार लावलेला असतो. हातात काठी. मी घामानं भिजले होते आणि इतकी खूश होते की ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना हात करत होते.

चढ संपल्यावर स्पीडब्रेकर आहे. बोलण्याच्या नादात चवडा त्याला अडला आणि मी पडले. चांगली आपटले. काठी घरंगळत गेली.

मी मान वर केली तेव्हा श्रीनिवास माझ्याकडं धावत येत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. लावण्याही धावली. आणि मग काय झालं कोण जाणे, माझ्यापासून हातभर अंतरावर तो थांबला. दोन्ही मुठी आवळलेल्या. त्यानं लावण्याला हातानं अडवलं. मग मला विचारलं, "उठतेस?"

आवाज इतका बारीक की मला त्याच्या ओठांवरून कळलं.

मी आधी गुडघ्यावर आले. सायमानं शिकवलं होतं तसं एक पाय पुढं, हात त्या मांडीवर, जोर. एकदा परत बसले. दुसऱ्यांदा उभी राहिले. तेव्हा कुठं त्यानं हात पुढं केला आणि मी तो धरला. त्याचा तळहात माझ्यापेक्षा जास्त घामेजला होता.

गुडघा सोलवटला होता, रक्त येत होतं, आणि झणझणत होतं. नीट, स्वच्छ, जिथं लागलं बरोबर तिथंच. मी तो गुडघा बघतच राहिले. कुणीतरी बाटलीतलं पाणी ओतलं आणि मी मोठ्यानं ओरडले. लावण्या हसायला लागली. मग आम्ही सगळेच.

"पदा," मामा म्हणाले. चला.

कमानीतून आम्ही बऱ्याच उशिरा आत गेलो. उप्पीट संपलं होतं. चहा होता.

मोहोळचे दत्तात्रय

त्याच आठवड्यात सायमाचा फोन आला. मोहोळचा एक पेशंट आहे, पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा, दत्तात्रय नाव. हाच आजार. नळी नुकतीच निघाली आहे, पण माणूस कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. "ताई, याल का?"

मी आणि मामा गेलो. त्याच दवाखान्यात, त्याच वॉर्डात. जिना चढताना मला भीती वाटली, पेशंटची नाही, त्या वासाची. मामांनी वरच्या पायरीवर थांबून वाट बघितली.

दत्तात्रयांच्या पत्नी, सुरेखाताई, उठून उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर झोप नव्हती. मी सांगितलं की मलाही हेच झालं होतं. त्यांनी माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "इतं चालत आलात?"

"चालत. जिन्यानं."

"आवो, बघा की," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ताई जिन्यानं आल्या."

दत्तात्रय माझ्या चेहऱ्याकडं बघतच नव्हते. माझ्या पायांकडं बघत होते. अर्धा चेहरा ओघळलेला, डोळे ओलसर. आजारात मला काय वाटत होतं ते सांगितलं मी त्यांना. मुंग्या, ते ठणकणं, तोंडातून सांडणं. या सगळ्यातून बाहेर पडायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो, दुसऱ्याशी बरोबरी करू नका, असंही सांगितलं. ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. मामांनी मधेच सांगून टाकलं की या पळायच्या, आम्ही सगळे पळायचो, आता परत जायला लागलोत.

तेव्हा दत्तात्रयांचे ओठ हलले. आवाज कागद सरकल्यासारखा. एकेक शब्दाला थांबत त्यांनी विचारलं, "पळता? परत?"

"चालते. मधे मधे जरा पळून बघते. वीस पावलं, तीस पावलं."

ते पुढचा श्वास गोळा करत होते. मग म्हणाले, "दम लागतो?"

"लागतो की," मी म्हणाले. "लई लागतो. छाती भात्यासारखी होते. तोंडाला कोरड पडते. कंबरेवर हात ठेवून रस्त्यातच उभी राहते मी."

त्यांनी डोळे मिटायचा प्रयत्न केला. ते पुरते मिटत नव्हते. ओठाची एकच कड वर गेली. ते हसत होते.

"लागू दे," ते म्हणाले. "मलापण... एकदा... असा दम लागू दे."